कामगारांच्या वतीने बोलणार कोण?

कारखान्यातला तंटा लवादापुढे किंवा कामगार न्यायालयात गेला, की पगार-बोनसच्याही आधी एक गोष्ट ठरावी लागते : कामगारांच्या वतीने उभं कोण राहणार?

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराला याबाबत बरीच मोकळीक दिली होती. त्याच्या युनियनचा पदाधिकारी त्याची बाजू मांडू शके. तो कुठल्याच युनियनमध्ये नसेल, तर त्याच उद्योगातला दुसरा कामगारही त्याच्यासाठी बोलू शके. समेटाच्या बैठकीत वकिलाला मज्जाव होता. कामगार न्यायालयात समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी असली तरच त्याला प्रवेश. महागड्या वकिलासमोर कामगार दबून जाऊ नये, ही त्यामागची काळजी मला फार मोलाची वाटते.

मुंबईच्या गिरणगावात मात्र 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, म्हणजे 'बीआयआर', चाले. त्याच्या आधीच्या, 1938 च्या कायद्याविरुद्ध डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी 7 नोव्हेंबर 1938 रोजी खांद्याला खांदा लावून संप केला होता. बीआयआरमध्ये 25 टक्के सभासद दाखवणारी युनियन त्या भागातल्या साऱ्या कापड कामगारांची प्रातिनिधिक युनियन ठरू शके. मालकाशी करार करणार ती, तंटा लवादाकडे सोपवणार तीच. शंभरातले पंचाहत्तर तिच्याबाहेर असले, तरी करार त्यांच्यावरही बंधनकारक!

जानेवारी 1982 मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. कायद्याच्या लेखी त्यांचा प्रतिनिधी तरीही प्रातिनिधिक युनियन ठरलेला राष्ट्रीय मिल मजदूर संघच राहिला. म्हणून तर पगारवाढीबरोबर 'बीआयआर रद्द करा' ही मागणी होती. सामंतांचे सगळेच निर्णय बरोबर होते, असं मी म्हणत नाही. पण कामगार ज्याचं ऐकत होते त्याच्याशी बोलायचंच नाही, या हट्टाने तडजोडीची वाट अरुंद केली आणि घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली.

2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने अनेक युनियन असलेल्या ठिकाणी एका युनियनला एकटीने वाटाघाटी करण्यासाठी 51 टक्के कामगारांचा पाठिंबा आवश्यक मानला. हे पाऊल योग्य आहे. मात्र हा पाठिंबा वर्गणीच्या पावत्यांवरून मोजू नये. मुकादमाच्या दडपणाखालीही पावती फाडली जाते. प्रत्येक पाळीच्या कामगाराला, कंत्राटी कामगारालासुद्धा, गुप्त मतदानाचा हक्क हवा आणि ते मतदान ठरावीक वर्षांनी पुन्हा व्हायला हवं.