संध्याकाळी साडेपाचनंतर आई घरी नसते

(डिसेंबर २०२५ मध्ये महिला कार्यकर्त्यांच्या विभागीय शिबिरात केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘उतारवयातील स्त्रियांचे आरोग्य’ असा विषय छापला आहे. एम.एस.डब्ल्यू. करताना या विषयावर मी चांगली टिपणं काढली होती, फाईल अजून आहे. पण गेले नऊ महिने आमच्या घरात जे चाललंय ते त्या फाईलमध्ये कुठेच नाही. म्हणून फाईल घरी ठेवून आले आहे.

माझी आई ६२ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षं थरचं वाळवंट शिकवलं, पाहिलं मात्र कधी नाही. येत्या जानेवारीत ती आणि तिच्या तीन मैत्रिणी जैसलमेरहून निघून पोकरण, रामदेवरा, फलोदी, कोलायत असं करत बीकानेरपर्यंत पायी जाणार आहेत. रस्त्याने मोजलं तर अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. सोबत एक उंटगाडी आणि तिथला एक माहितगार. दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर, मध्ये तीन दिवस विश्रांती, असे चोवीस दिवस. जानेवारीच का, तर याच फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. थंडीत दिवस सुसह्य असतात, रात्री मात्र पारा पार खाली जातो. म्हणजे एकाच दिवसात टोपीही हवी आणि कानटोपीही.

तयारी मार्चमध्ये सुरू झाली. एका रविवारी आई म्हणाली, “उद्यापासून साडेपाच ते सात मी घरी नसेन.” तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? “अगं, मग पोरीचं काय?”

आम्ही साताऱ्यात एकाच इमारतीत राहतो, आई-बाबा खाली, आम्ही वर. माझी मुलगी चार वर्षांची. बालवाडीतून तिला आई आणते आणि मी समुपदेशन केंद्रातून साडेसातला येईपर्यंत तीच सांभाळते. बायकांच्या बिनमोल श्रमांवर मी वस्त्यांमधून भाषणं देते. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीतले आकडे मला तोंडपाठ आहेत : घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. आणि ज्या श्रमांवर माझी ही भाषणं उभी होती, ते माझ्याच आईचे होते. माझा जोडीदार सहाला घरी येतो. त्याला विचारावं हे मला सुचलंसुद्धा नाही. आई शांतपणे म्हणाली, “तुमच्या दोघांत ठरवा.” पंधरा दिवस मी घुश्शात होते, हे इथे कबूल करते. आता तो पाचला निघून येतो आणि सकाळी लवकर जातो. जगबुडी झाली नाही.

बाबांचं निराळंच. पाचचा चहा कोण करणार? तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतः केला. गाळणी सापडेना म्हणून आईला फोन केला, ती तेव्हा चार भिंतींच्या चढावर होती.

आता शरीराच्या तयारीबद्दल. सुरुवातीला पाचजणी होत्या. आई, शेजारच्या रक्तदाबवाल्या काकू, बँकेतून निवृत्त झालेल्या काकू, आईची शाळेतली एक सहकारी, आणि लोणंदकडच्या एक मावशी, ज्यांनी शेतमजुरी केली आणि अकरा वेळा आळंदी ते पंढरपूर वारी केली. वारीचं अंतर अडीचशे किलोमीटर. त्यांना कोणी कधी विचारलं नाही की मावशी, गुडघ्याचं काय करता, सरावाला किती वेळ देता! देवासाठी बाई निघाली की सगळं घर निरोप द्यायला येतं. याच मावशी वाळवंटात जाते म्हणाल्या, तेव्हा मुलगा म्हणाला, “लोक म्हणतील आम्ही आईला घराबाहेर काढली.”

आईने आधी एका डॉक्टरांना गुडघे दाखवले. ते म्हणाले, “आता या वयात देवाचं नाव घ्या.” मग एका तरुण फिजिओथेरपिस्टकडे गेली. त्या मुलीने पाचहीजणींना खुर्चीवर बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. एकटीला जमलं, मावशींना. नुसतं चालून भागणार नाही, हे तिथे कळलं. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात, वयानुसार स्नायूही झिजतात. त्यांना काम दिलं तर ते काही प्रमाणात टिकतात, वाढतातही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत ६५ च्या पुढच्यांसाठीही आठवड्यातून तीन दिवस ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगितले आहेत. म्हणजे खुर्चीवरून ऊठबस, टाचा उचलणं, एका पायावर उभं राहून दात घासणं. हे शेवटचं आमच्या मुलीलाही लागलं आहे.

पहिला महिना सपाट रस्त्यावर अर्धा तास, आठवड्यातून चार दिवस. मग अजिंक्यतारा, आधी अर्ध्यापर्यंत. चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना, म्हणून काठी. जूनपासून पाठीवर सॅक, तिच्यात पाण्याच्या दोन बाटल्या, पुढे ज्वारीची पिशवी, वाढवत वाढवत सहा किलो. पावसाळ्यात मंडळाच्या जिन्यावर चढउतार. नोव्हेंबरात एका दिवशी कास आणि दुसऱ्या दिवशी परत, जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर. एक दिवस वीस-पंचवीस किलोमीटर चालणं कोणालाही ओढूनताणून जमतं, दुसऱ्या सकाळी पुन्हा बूट चढवता येतात का ते बघायचं होतं.

सगळ्यात अवघड होता विश्रांतीचा दिवस. फिजिओवाल्या मुलीने बजावलं होतं की स्नायू विश्रांतीतच बांधले जातात. एप्रिलमधल्या पहिल्याच विश्रांतीच्या दिवशी आईने चार किलोच्या कुरडया घातल्या! बाकीच्यांचंही तेच. आज चालायचं नाही म्हणजे घरचं राहिलेलं उरकायचं. शेवटी पाचजणींनी ठरवलं की विश्रांतीच्या दिवशी एकीच्या घरी जमायचं आणि कोणी स्वयंपाकघरात जायचं नाही. ते पाळायला त्यांना दोन महिने लागले.

ऑक्टोबरात तीन दिवस गुहागरच्या किनाऱ्यावर वाळूचा सराव केला. ओल्या वाळूवर चालणं सोपं. वरच्या कोरड्या वाळूत पाय रुततो, कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते. थरमध्ये सगळीकडे टेकड्या नाहीत, कडक माळही आहे, पण वाळू चुकत नाही. बूट एक नंबर मोठे घ्यायचे, कारण पाय सुजतात. वाळू आत जाऊ नये म्हणून आईने जुन्या छत्रीच्या कापडाचे घोट्याभोवती बांधायचे पट्टे शिवले. मावशींनी बूट चार दिवस घातले आणि परत चपलांवर आल्या. मग मोजे घालून, मग अर्धा तास, मग तासभर, असं करत जमलं.

गुहागरलाच पाण्याचा विषय निघाला. पाचहीजणी वाटेत घोटभरच पाणी पीत होत्या. का, हे इथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. आडोसा नसतो. शाळेत, शेतात, एस.टी.त, बँकेत, जन्मभर या बायकांनी तहान मारली ती लघवीच्या भीतीने. त्यात वय वाढलं की तहानेची जाणीवच बोथट होते. वाळवंटात हे जिवावर बेतू शकतं. त्या रात्री रक्तदाबवाल्या काकू म्हणाल्या, शिंकलं की, उतारावर पाय टाकला की थोडी होतेच. एकीने सांगितल्यावर तिघींनी सांगितलं. वीस-पंचवीस वर्षं एकेकीने हे लपवलं होतं. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम असतात आणि त्याने पुष्कळजणींना फरक पडतो, हे त्यांना साठीत कळलं. आता उंटगाडीवर माणशी रोज पाच लिटर पाणी असेल, आणि आडोशासाठी जुन्या नऊवारीचा पडदा. नुसतं पाणीही फार पिऊन चालत नाही, म्हणून लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. काकूंची रक्तदाबाची गोळी लघवी जास्त करवणारी होती, ती डॉक्टरांनी तपासून बदलून दिली. आपल्या मनाने बंद करू नका, हे मुद्दाम सांगते.

एक टोचणारी गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा आपण सगळ्या वापरतो, ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय. तो आकडा १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचा आहे. पन्नाशी ओलांडलेली बाई त्यात मोजलेलीच नाही. पाचपैकी दोघींचं हिमोग्लोबिन दहाच्या खाली निघालं.

शाळेतल्या सहकारी बाईंनी अमेरिकेतल्या एमा गेटवूडची गोष्ट आणली. अकरा मुलं आणि नवऱ्याची जबर मारहाण सोसून तिने घटस्फोट घेतला. १९५५ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी ती एकटी साडेतीन हजारांच्या आत-बाहेर किलोमीटरची डोंगरवाट चालली, साधे कापडी बूट आणि घरी शिवलेली झोळी घेऊन. सराव काय, तर घराभोवती फेऱ्या, रोज थोड्या जास्त. घरी फक्त एवढंच सांगितलं की फिरायला जाते. आई म्हणाली, “मी चोवीस दिवसांचा जमाखर्च लिहून दिला तरी पुरेना.”

खर्चाचं म्हणाल तर पाचजणींनी दरमहा पाचशेची भिशी लावली. मावशींचा हप्ता चौघींनी वाटून घेतला. मावशींना ते आवडलं नाही, म्हणून वाटेतल्या भाकऱ्यांचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. यावर आईचं आणि त्यांचं अजून भांडण चालू आहे.

तुमच्यातली कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की थरमधल्या बाया पाण्यासाठी रोज चालतात, तिथे आपण हौसेने चालायला जायचं? हा प्रश्न मी मावशींना विचारला. त्या म्हणाल्या, “मी रानात राबायला चालले, पाण्याला चालले, देवाला चालले. आता कशालाच न चालता चालून बघते.” माझी शंका अजून पुरती फिटलेली नाही.

बँकेतल्या काकू जाणार नाहीत. जानेवारीत त्यांच्या मुलीचं पहिलं बाळंतपण आहे, माहेरी. सासरची माणसं म्हणाली, आईच नसेल तर मुलीला पाठवायची कशाला. मुलगी स्वतः म्हणते, आई तू जा. काकूंनी नाव काढून घेतलं, भिशीचे पैसे मात्र परत घेतले नाहीत. अजूनही रोज साडेपाचला बूट घालून खाली उभ्या असतात. “पुढच्या वर्षी,” म्हणतात. यावर कोणी काही बोलत नाही. आपण त्या मुलीच्या सासरी जाऊन बोलावं का, असं माझ्या मनात होतं. काकूंनी नको म्हणून सांगितलं.

आमच्या फ्रीजवर चोवीस दिवसांचं वेळापत्रक लागलं आहे. सोमवार ते बुधवार मुलीकडे मी, गुरुवार-शुक्रवार जोडीदार, शनिवारी बाबा. परवा बाबा विचारत होते, ती वरणात तूप घेते की नाही.

आईच्या सरावाची वही मी सोबत आणली आहे. तारीख, अंतर, ओझं, पाणी किती, कुठे दुखलं, आणि शेवटच्या रकान्यात घरी कोण काय बोललं. जेवणाच्या सुट्टीत बघा. फक्त चारच्या एस.टी.आधी मला परत द्या, तिला आजचं लिहायचं असतं.