दुवा, प्रत आणि मालकी
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



१९३२ च्या डिसेंबरात लखनौच्या निझामी प्रेसने 'अंगारे' हा उर्दू कथासंग्रह छापला. हा छापखाना व्हिक्टोरिया स्ट्रीटवर, म्हणजे चौक आणि नख्खास या जुन्या बाजारपेठांच्या परिसरात होता. सज्जाद झहीर, रशीद जहाँ, अहमद अली आणि महमूदुज्जफर या चौघा तरुणांच्या नऊ कथा आणि एक एकांकिका त्यात होती. धर्ममार्तंडांनी गदारोळ उठवला आणि मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने दंडविधानाच्या २९५ अ या कलमाचा आधार घेऊन पुस्तक जप्त केले. पोलिसांनी प्रती नष्ट केल्या. पाच तेवढ्या राखल्या. त्यांतील तीन दिल्लीच्या सरकारी दप्तरात गेल्या आणि दोन लंडनला.

पुढे साठ वर्षे या पुस्तकाचे नाव साहित्याच्या इतिहासात येत राहिले. एप्रिल १९३६ मध्ये लखनौलाच प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली प्रगतिशील लेखकांची पहिली अखिल भारतीय परिषद भरली. तिची पूर्वपीठिका सांगताना 'अंगारे'चा उल्लेख कोणी टाळला नाही. लेखक, साल, छापखाना, बंदीची तारीख, सारे नोंदलेले होते. वाचकाच्या हाती पुस्तक मात्र येत नव्हते. लंडनमधील प्रतीच्या मायक्रोफिल्मवरून ते १९९५ साली दिल्लीत उर्दूत पुन्हा छापले गेले. ज्या राजवटीने पुस्तक जाळले तिच्याच कपाटात ते शाबूत राहिले, आणि ज्यांच्यासाठी ते लिहिले होते त्यांच्यापाशी उरली ती केवळ नोंद.

इंटरनेटवरील दुवे साठवणे, त्यांची वर्गवारी करणे आणि ते इतरांना देणे या आजच्या विषयाचे मर्म या हकिगतीत आहे. दुवा ही एक नोंद आहे. मजकूर कोणत्या यंत्रावर ठेवला आहे याचा तो पत्ता सांगतो. ते यंत्र कोणाच्या मालकीचे आहे आणि उद्या तो मालक काय करील, हे सांगत नाही. लखनौच्या उर्दूभाषकाला 'दुवा' हा शब्द आशीर्वादासारखा ऐकू येईल, आणि आपल्याकडील पुष्कळांची श्रद्धाही त्याच जातीची असते. दुवा जपला की मजकूर सुखरूप राहिला, असे ते धरून चालतात. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली केलेल्या पाहणीत असे आढळले की २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. येथे कोणी बंदी घातली नव्हती. कोठे संस्था बुडाली, कोठे भाडे थकले, कोठे मालकाला ते पान नफ्याचे वाटेनासे झाले.

दुवे साठवण्याच्या सोयींचीही तीच गत झाली. २००३ साली निघालेल्या 'डिलिशस' या सेवेने एक खरोखर सामूहिक पद्धत रूढ केली. प्रत्येक वाचकाने आपल्या दुव्याला आपल्या शब्दांत खूणचिठ्ठी लावायची आणि एकाच खुणेखाली हजारो अनोळखी वाचकांचे संग्रह एकत्र दिसायचे. हे श्रम वाचकांचे होते, फुकट केलेले होते. मालकी मात्र २००५ साली याहू कंपनीकडे गेली, नंतर आणखी काही हातांतून फिरली आणि २०१७ साली नवे दुवे साठवण्याचे दार बंद झाले. पुढे वाचण्यासाठी लेख राखून ठेवणारी 'पॉकेट' ही सेवा ८ जुलै २०२५ रोजी बंद पडली. लाखोंच्या श्रमातून उभी राहिलेली संपत्ती संचालक मंडळाच्या एका ठरावाने मोडीत निघते, यात भांडवलशाहीच्या अभ्यासकाला आश्चर्य वाटू नये.

परंतु दोष केवळ भांडवलदारांच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. मार्क्स-एंगल्स यांच्या समग्र वाङ्मयाचे पन्नास इंग्रजी खंड १९७५ ते २००४ या काळात मॉस्को, लंडन आणि न्यूयॉर्क येथील तीन प्रकाशनांनी मिळून काढले. त्यांतील बराच मजकूर 'मार्क्सिस्ट्स इंटरनेट अर्काइव्ह' या स्वयंसेवकांच्या संग्रहात खुला होता. २०१४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लॉरेन्स अँड विशार्ट या डाव्या परंपरेतील प्रकाशनाने हक्क सांगून तो काढावयास लावला. मुदत ३० एप्रिलची, म्हणजे मे दिनाच्या आदल्या दिवसाची! प्रकाशनाची आर्थिक ओढाताण खोटी नव्हती. तरीही ज्यांनी त्या पानांचे नुसते दुवे जपले होते त्यांच्यासमोर कोरे पान उघडले आणि ज्यांनी प्रत उतरवून घेतली होती त्यांचा अभ्यास अखंड चालला.

म्हणून पहिले काम प्रत घेण्याचे. 'इंटरनेट अर्काइव्ह' हा सार्वजनिक संग्रह पत्ता दिल्यास पानाची प्रत ठेवतो, परंतु त्या एकट्यावर विसंबता येत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये चित्रपटांच्या चोरीविषयीच्या दाव्यांतील न्यायालयीन आदेशामुळे तो संग्रहच भारतात काही काळ उघडत नव्हता. एक प्रत तेथे, एक जिल्हा कार्यालयातील संगणकावर आणि एक दुसऱ्या गावी, इतकी व्यवस्था कोणत्याही शाखेला झेपणारी आहे.

वर्गवारीचा प्रश्न अधिक बिकट आहे. चौकातच फिरंगी महल आहे. तेथील मुल्ला निझामुद्दीन यांनी अठराव्या शतकात 'दर्स-ए-निझामी' हा पाठ्यक्रम बसवला. तो मुळात कोणता ग्रंथ कशानंतर वाचावा याचा क्रम होता. काझी-मुफ्ती घडवणारे हे शिक्षण कोणत्या वर्गासाठी होते ते उघड आहे. पण ढिगातून क्रम लावणे हे वेगळे श्रम आहेत, हे त्या घराण्याला कळले होते. मराठीत तर एकाच संकल्पनेला कोणी 'वरकड मूल्य' म्हणतो, कोणी 'अतिरिक्त मूल्य'. प्रत्येकाने आपापली खूण लावली तर निम्मा संग्रह दुसऱ्या निम्म्याला अदृश्य राहील. शब्द आधी ठरवावे लागतात आणि टाकलेल्या शब्दापुढे 'अमुक पाहा' असे लिहावे लागते. काम कंटाळवाणे आहे. अनुवादकांची भांडणे त्यात होतीलच.

पक्षाला अशा कामाची परंपरा आहे. डॉ. गंगाधर अधिकारी यांनी पक्षाच्या इतिहासाच्या कागदपत्रांचा पहिला खंड १९७१ साली सिद्ध केला, तेव्हा वसाहती सरकारच्या दप्तरांचा आधार घ्यावा लागला. मीरत खटल्यातही पत्रे आणि पुस्तके पोलिसांनीच गोळा केली होती, क्रमांक घालून, अगदी शिस्तीने. दुव्यांची यादी वाटतानाही हे ध्यानात असावे. कोणी काय वाचले, केव्हा साठवले, कोणाला पाठवले याचा माग व्यापारी कंपन्यांना हवा असतो आणि इतरांनाही. सर्वांसाठी खुल्या यादीत शीर्षक, लेखक, तारीख, मूळ पत्ता आणि प्रत कोठे आहे एवढे असावे. नोंद करणाऱ्याचे नाव शाखेच्या वहीत राहू द्यावे, आणि ती वही कागदाची असावी.