इंजिन सुरू होत नाही? आधी प्लग पाहा



नंदुरबार जिल्ह्यात मिरचीवर फुलकिडे दिसले की फवारणी लांबवून चालत नाही. नेमका त्याच सकाळी पेट्रोलवरचा पॉवर स्प्रेअर सुरू होत नाही. आपण दोरी ओढत राहतो आणि फवारणीची वेळ निघून जाते. पाच-सहा वेळा ओढूनही इंजिन सुरू झाले नाही तर थांबा. स्विच व पेट्रोलचा कॉक बंद करून प्लग काढा.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल इंजिनात पोहोचत नाही. टाकी, गाळणी, नळी तपासा. नंतर कार्ब्युरेटर खोलून साफ करा. जेटमध्ये तार घालू नका, छिद्र मोठे होते. हवेच्या झोताने साफ करा.

प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले आहे. चोक उघडून, प्लग बाहेर ठेवूनच चार-पाच वेळा दोरी ओढा. प्लगची काजळी काढा, पुसून वाळवा आणि बसवा.

तरीही सुरू न झाल्यास नवा प्लग लावून पाहा. त्यानेही जमले नाही तर ठिणगीची तपासणी मेकॅनिककडूनच करून घ्या. काम करताना विडी-काडी दूर ठेवा.

आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते हवेतील ओलावा शोषते. म्हणून हंगाम संपताच टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. पुढच्या हंगामात ताजे पेट्रोल भरा. टू-स्ट्रोक इंजिन असल्यास माहितीपुस्तिकेतील प्रमाणातच ऑइल मिसळा.