अ‍ॅफिलिएट मार्केटिंग सुरू करायचंय, पण भीती वाटते? मलाही वाटायची

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो आहे तशीच ठेवली आहे.)

चंद्रपूर-गडचिरोलीकडून ऐकत असाल तर आधी एक ग्लास पाणी पिऊन घ्या, मग बसू. आजच्या गप्पांत उन्हाळा आहे, एक कूलर आहे आणि माझी एक चूक आहे.

ज्यांनी पहिल्यांदाच ऐकायला घेतलंय त्यांच्यासाठी सांगतो. मी मूळचा मूलचा. हो, हे वाक्य दरवेळी असंच ऐकू येतं. चंद्रपूर जिल्ह्यातलं, धानाचं गाव. बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये लागलो, नंतर वर्क फ्रॉम होम मिळालं आणि घरी आलो. पगार ठीक होता, पण संध्याकाळी वेळ उरायचा. युट्यूबवर रोज कुणीतरी सांगायचं, झोपेत पैसे कमवा. मी म्हटलं, झोप तर आपल्याला येतेच, बघू तरी.

मला बरेच मेसेज येतात की दादा, अ‍ॅफिलिएट सुरू करायचंय पण हिंमत होत नाही. म्हणून आज कोर्ससारखं काही सांगणार नाही. मी कसा घाबरत सुरू केलं आणि त्या भीतीतलं काय खरं निघालं, तेवढंच सांगतो.

हे नेमकं असतं काय?

अगदी थोडक्यात. तुम्ही एखाद्या वस्तूबद्दल लिहिता किंवा बोलता आणि तिथे एक लिंक देता. त्या लिंकमध्ये तुमचा टॅग, म्हणजे तुमचा ओळख-क्रमांक असतो. कुणी त्यावर क्लिक करून खरेदी केली की दुकान तुम्हाला काही टक्के कमिशन देतं. घेणाऱ्याला त्यामुळे एक रुपयाही जास्त पडत नाही. अ‍ॅमेझॉनने असा प्रोग्रॅम 1996 मध्येच सुरू केला होता, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. तेव्हा ही काही नवीन जादू नाही.

अ‍ॅमेझॉनचंच उदाहरण घेऊ. क्लिक केल्यापासून साधारण 24 तास तुमचा टॅग चालतो. तेवढ्या वेळात ग्राहकाने वस्तू कार्टमध्ये टाकली तर पुढे काही दिवस मुदत मिळते, नाही टाकली तर तुमचा हिशोब संपला. नाव नोंदवल्यापासून 180 दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. आणि स्वतःच्या लिंकवरून स्वतःच खरेदी करायची नाही, घरच्यांना आणि मित्रांना करायला लावायची नाही. नवीन माणूस घाबरून पहिल्यांदा नेमकं हेच करतो.

मी भीती कुठे लपवली

मी इंजिनिअर. मला भीती वाटली की मी कोड लिहितो. तीन महिने मी वेबसाइटच बनवत होतो. स्पीड टेस्टमध्ये शंभरपैकी शंभर, डार्क मोड, मराठीसाठी छान फाँट. साइटवर लेख किती? शून्य. रोज नवीन काहीतरी दुरुस्त करायचो, कारण लेख टाकला की तो कुणीतरी वाचणार, आणि वाचणारा ओळखीचा असणार.

पुण्या-मुंबईत बसून लिंक टाकली तर क्लिक करणारा कोण, कुठला, आपल्याला कधी कळत नाही. मूलमध्ये तसं नाही. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस बघणारे दोनशे लोक, त्यातल्या दीडशे लोकांना मी नावाने ओळखतो. कुणीतरी म्हणणार, "काहून रे, इंजिनिअर होऊन दलाली करून राहिला का?" हीच भीती होती. पैसे बुडण्याची नव्हती, कारण पैसे लागलेच नव्हते.

कूलरची गोष्ट

शेवटी मार्चमध्ये धाडस करून पहिला लेख टाकला. नाव काय, तर "चंद्रपूरच्या उन्हाळ्यासाठी 5 बेस्ट कूलर". आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, हे बातम्यांत सगळ्यांनी पाहिलंय. विषय एकदम बरोबर होता. पण त्या पाच कूलरपैकी मी हात किती कूलरला लावला होता? एकालाही नाही. दुकानाच्या पानावरची माहिती घेतली, चांगले रिव्ह्यू बघितले, शब्द फिरवले आणि टाकला लेख.

पंधरा दिवसांनी डॅशबोर्डवर कमिशन दिसलं. दीडशे रुपयांच्या आसपास. खोटं सांगत नाही, पहिल्या पगाराच्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद झाला. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या काकू भेटल्या. म्हणाल्या, "बापू, तू टाकला होता ना मोबाइलवर, तोच कूलर घेतला मी. पाणी लवकर संपते बाप्पा त्याचं. रातभरात दोनदा उठून भरा लागते. पण तू सांगतलं म्हणजे चांगलाच असन."

तक्रार नव्हतीच ती, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. दीडशे रुपये कुठून आले ते मला तिथेच कळलं.

झालं काय होतं? तो होता वीस लिटर टाकीचा छोटा पर्सनल कूलर. एका माणसाच्या टेबलाशेजारी ठेवायला बरा. काकूंची खोली मोठी, वर स्लॅब तापलेला. कूलर चालतो तो पाण्याच्या वाफेवर. हवा जितकी कोरडी तितका गारवा चांगला मिळतो, पण पाणीही तितकंच झपाट्याने उडतं. आमचा उन्हाळा कोरडाठक्क, म्हणून छोटी टाकी इथे रात्र काढत नाही. यातलं काहीच त्या दुकानाच्या पानावर लिहिलेलं नव्हतं, आणि मी तर तेच पान उतरवलं होतं. खरं म्हणजे हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. लहानपणापासून मी बघितलेला कूलर म्हणजे लोखंडी पत्र्याचा, खिडकीला बाहेरून लावलेला, भल्या मोठ्या टाकीचा. दरवर्षी मार्चमध्ये त्याच्या ताट्या बदलायच्या. मी स्वतः तसल्याच कूलरसमोर झोपत होतो आणि लोकांना दुसराच सांगत होतो. का? कारण गावातला कारागीर जो कूलर बनवून देतो, त्याला लिंक नसते. लिंक नाही म्हणजे कमिशन नाही.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. बाबांनी आयुष्यभर धान विकलंय, अडत्यांशी रोजचा संबंध. त्यांनी एकच विचारलं, "तू तो कूलर पाहिला होता का?" मी म्हटलं, नाही. "मंग कायले सांगतलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, सोडूनच देतो हे, दलालीच आहे शेवटी. तर म्हणाले, "दलालीत पाप नाही रे. अडत्या बी दलालच असते. काटा मारला तर पाप."

मी तो कूलर माझ्या टेबलाजवळ ठेवायला विकत घेतो म्हणून काकूंकडे गेलो. त्यांनी पैसे घेतले नाहीत. मग आई गेली, तेव्हा घेतले. साधारण सहा हजार. त्यांच्या खिडकीला लोखंडी कूलर बसला. म्हणजे माझी पहिली अ‍ॅफिलिएट कमाई दीडशे रुपये आणि खर्च सहा हजार. झोपेत कमवा म्हणणाऱ्यांनी हे सांगितलं नव्हतं.

मग काय बदललं

तो लेख मी काढून टाकला. त्याच जागी नवीन लिहिला, आपल्या भागात कूलर घेताना काय बघायचं यावर. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की मोठ्या खोलीसाठी गावातल्या कारागिराकडून लोखंडी कूलर बनवून घ्या, यात मला काही मिळत नाही. अर्थिंग नीट करून घ्या, कारण पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आहेत. पाणी भरताना प्लग काढा. आणि अगदी खाली दोन लिंक. एक पाण्याच्या पंपाची, एक हनीकोंब पॅडची. दोन्ही आमच्या घरी वापरलेले.

गंमत म्हणजे माझ्या साइटवर सगळ्यात जास्त वाचला जातो तो हाच लेख.

दुसरा लेख ताडोब्यावर. तिथे सफारीला मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे लांबचं बघायचं तर दुर्बिणीशिवाय सोय नाही. नवीन माणूस दुकानात जातो आणि सगळ्यात मोठा आकडा असलेली दुर्बीण घेतो. दुर्बिणीवर 8 बाय 42 असं लिहिलेलं असतं ना, त्यातलं 8 म्हणजे किती पट मोठं दिसणार आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पट जास्त तेवढा हाताचा कंपही जास्त दिसतो, आणि जिप्सीत तर सगळंच हलत असतं. शिवाय पहाटे उजेड कमी, तिथे मोठं भिंग कामाला येतं. म्हणून मी 8 बाय 42 वापरतो आणि तेच सांगतो. मोहर्ली गेटवर धूळ खाऊन शिकलेलं आहे हे, कुठल्या पानावरून उतरवलेलं नाही. अर्थात पावसाळ्यात कोअर बंद असतो, तेव्हा हा लेखही झोपतो आणि कमिशनही.

सुरुवात करणाऱ्यांसाठी चार गोष्टी

एक. घरात फिरा आणि दोन-चार वर्षं वापरलेल्या दहा वस्तूंची यादी करा. तुमचे पहिले दहा लेख त्यातूनच येतील. वस्तूचा दोष सांगता येत नसेल तर ती वस्तू तुम्हाला माहीत नाही असं समजा.

दोन. आठ-दहा लेख झाल्यावरच अर्ज करा. आधी केला तर 180 दिवस वेबसाइटचा रंग निवडण्यातच जातात. मला विचारा!

तीन. लिंकच्या वरच, मराठीत, स्पष्ट लिहा की या लिंकवरून घेतलं तर मला कमिशन मिळतं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात नाही. हा नुसता चांगुलपणा नाही, नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आणली. शिफारस करणाऱ्याचं मत प्रामाणिक हवं, पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं हवं, आणि आर्थिक संबंध असेल तर तो उघड करायला हवा, असं त्यात आहे. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. हे वाचलं तेव्हा मला बाबांचा काटाच आठवला.

चार. कमिशन हे उत्पन्न आहे. पॅन द्यावा लागतो, मर्यादेपुढे टीडीएस कापला जातो, आयकर विवरणात दाखवावं लागतं. माझ्यासारखी नोकरी असेल तर ऑफर लेटर काढून बघा, बाहेरच्या कमाईबद्दल काय लिहिलंय ते. मी एचआरला मेल करूनच पुढे गेलो.

आणि एक सावधगिरी. गडचिरोलीतल्या एका ओळखीच्या मुलाने मला फोन केला. दादा, अ‍ॅफिलिएटचं पॅकेज घ्यायला काही हजार रुपये मागून राहिले, दोन पोरं जोडली की वसूल होते म्हणतात. मी म्हटलं, थांब. खऱ्या अ‍ॅफिलिएट प्रोग्रॅममध्ये नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. आधी पैसे भरा आणि मग माणसं जोडा, कमाई माणसं जोडण्याची, हे अ‍ॅफिलिएट नाही, ही साखळी आहे. अशा पिरॅमिड योजनांवर डिसेंबर 2021 च्या थेट विक्री नियमांत बंदी आहे. तो थांबला. त्याचे दोन मित्र आधीच भरून बसले होते. तेंदूपत्त्याच्या हंगामात उन्हात कमावलेले पैसे होते ते. म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

पैसे किती मिळाले?

हा प्रश्न येणारच. पहिल्या वर्षात सगळं मिळून चार हजारांच्या आसपास. त्यातून काकूंच्या कूलरचे सहा वजा करा. आता काही महिन्यांत डोमेनचा आणि इंटरनेटचा खर्च निघून थोडं उरतं. नोकरी सोडावी असं काही नाही, आणि मी सोडणारही नाही.

भीती गेली का? नाही. आजही लेख टाकताना बोट थांबतं. फरक एवढाच की आता मी तिला पळवून लावत नाही. डोळ्यांसमोर काकूंना आणतो आणि विचारतो, हे त्यांना दारात उभं राहून सांगशील का? उत्तर हो असेल तर बटण दाबतो. नाही असेल तर लेख तसाच पडून राहतो. असे पाच-सहा लेख पडून आहेत माझ्याकडे.

तेव्हा घाबरत असाल तर घाबरतच सुरू करा. पहिला लेख लिहा, आणि कशावर लिहिला ते मला नक्की कळवा. काकू परवाच भेटल्या होत्या, म्हणाल्या यंदा ताट्या बदलायच्या आहेत, वुडवूलच्या घेऊ की हनीकोंबच्या? मी म्हटलं, काकू, आधी येऊन खिडकी बघतो, मग सांगतो.

चला, भेटू पुढच्या भागात. उन्हात जपून. जय महाराष्ट्र!