उत्तर ऐकणारं यंत्र

आज या संमेलनात मला आपल्या, कोशकारांच्या आणि अनुवादकांच्या, कामाच्या अशा एका टोकाबद्दल बोलायचं आहे, जिथे अर्थ चुकला तर माणूस जिवाला मुकतो.

2001 नंतर अफगाणिस्तानात आणि पुढे इराकमध्ये अमेरिकी सैनिकांच्या हाती ‘फ्रेजलेटर’ नावाचं एक यंत्र आलं. सैनिकाने ठरलेलं इंग्रजी वाक्य म्हणायचं. यंत्र ते ओळखून पश्तोत, दारीत किंवा अरबीत ऐकवायचं, तेही आधी ध्वनिमुद्रित केलेल्या खऱ्या माणसाच्या आवाजात. एवढं काम हातात मावणाऱ्या वस्तूने करावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पण समोरच्याचं उत्तर यंत्राला कळत नव्हतं. म्हणून प्रश्नच असे रचावे लागत की उत्तर मानेने किंवा हाताने देता यावं. किती माणसं होती, बोटांनी दाखवा. कुठल्या दिशेला गेली, हात करा.

आणि मान तरी सगळीकडे एकच भाषा बोलते का? इराकी माणूस ‘नाही’ म्हणताना पुष्कळदा हनुवटी वर उचलतो आणि जिभेने टाळूवर ‘च्यक्’ करतो. परक्या मुलखातून आलेल्या पोरसवदा सैनिकाला ती वर गेलेली मान होकारासारखी वाटू शकते. आपला तसा घोटाळा होणार नाही. ‘जेवलास का रे?’ असं विचारलं की आपल्या घरातलं पोरही नुसतं ‘च्यक्’ करतं, आणि आई ताट वाढायला घेते. इराकमधली दुसरी खूण पाहा. पाचही बोटांची टोकं जुळवून वर धरायची आणि हात हलकेच खालीवर करायचा: ‘जरा थांब, धीर धर.’ तपासणीनाक्यावर बंदुकीसमोर उभ्या गाडीतून कुणी असा हात केला, तर तो धमकीचा नाही हे सैनिकाला त्याच क्षणी उमगायला हवं.

अशा गोष्टींसाठी मरीन दलाने खिशात मावणारं घडीचं ‘कल्चर स्मार्ट कार्ड’ काढलं. सण, पेहराव, पंथ, खाणाखुणा, सगळं त्यावर. पुढे 2007 च्या सुमारास ठाण्यावरच्या संगणकांवर ‘टायगर’ नावाची प्रणाली आली. तुकडी बदलली की गल्ल्यांची आणि माणसांची ओळख तिच्याबरोबर निघून जाई. आता गस्तीवरून परतलेला जवान ती नकाशावर नोंदवून मागच्यांसाठी ठेवू लागला. मला हे काम मोलाचं वाटतं. तरी एक गोष्ट सलते. ज्या दुकानदाराने माहिती सांगितली, त्याला ती नोंद वाचता येत नव्हती. मग ती चुकली असेल तर सुधारणार कोण?

लष्कर आणि कोश यांचं नातं मराठीला नवं नाही. मोल्सवर्थ आणि कँडी बंधू हे कंपनी सरकारच्या लष्करातले. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला, दुसरी आवृत्ती 1857 मध्ये. पण त्या कामात मराठी शास्त्री शेजारी बसलेले होते. शब्दाची छटा निसटली तर सांगायला माणूस हजर होता. तो कोश आपण आजही उघडतो, याचं श्रेय मी त्या शेजाराला देतो. शीर्षकपानावर मात्र नावं साहेबांची आहेत.

अमेरिकी सैन्याबरोबरच्या इराकी दुभाष्यांचं तर नाव सोडा, कित्येकांना चेहराही झाकून काम करावं लागलं. ओळख पटली तर घरच्यांच्या जिवावर बेतायचं.

या सभागृहात बोलणारी ॲप घडवणारे तरुण बसले आहेत. उद्या तुम्ही सीमेवरच्या जवानासाठी किंवा पाड्यावर जाणाऱ्या आरोग्यसेविकेसाठी असं साधन कराल. तेव्हा कृपा करून आधी उत्तर ऐकण्याची सोय करा, प्रश्नांची यादी नंतर. प्रत्येक नोंदीत खुणेसाठी रकाना ठेवा. नोंद पुरी झाली की ज्याने ती सांगितली त्यालाच वाचून दाखवा. आणि त्याचं नाव छापायचं की झाकायचं, हे त्यालाच विचारा.