न्हाणीच्या पाण्यावर निर्गुडी



धाम, बोर, वणा या आपल्या नद्या आणि त्यांना मिळणारे नाले. त्यांच्या काठची निर्गुडी आपल्या आज्यांना चांगली ठाऊक होती. आता बऱ्याच नाल्यांवर बेशरम माजलेली दिसते. बेशरम परदेशातून आलेली, तिचा पाला शेळ्यांना विषारी. निर्गुडी आपल्या मातीतली. ती अंगणातच लावू या, असं आमच्या गटाचं सांगणं आहे.

आधी ओळख पटवा. एका देठावर पाच, कधी तीन पानं, हाताच्या बोटांसारखी. वरून हिरवी, खालून पांढुरकी. चुरगळली की उग्र वास. फुलं बारीक, निळसर जांभळी.

मृगाचा पाऊस पडला की बोटाएवढ्या जाड फांदीची वीतभर काडी घ्या. खालचा काप तिरपा द्या. दोन डोळे मातीत जातील अशी काडी रोवा. जागा न्हाणीचं सांडपाणी जातं तिथली, पण पाणी साचून राहणारी नको. कुंपण करायचं तर दोन-दोन फुटांवर लावा. वासामुळे गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात सांडपाण्यावर झाड तगतं. दरवर्षी छाटलं की दाट फुटतं.

आता उपयोग. तूर, हरभरा उन्हात कडक वाळवा. निर्गुडीचा पाला सावलीत सुकवून कोठीत थराथराने घाला. किडे कमी लागतात. पाल्याचा वास गेला की नवा घाला. दुखऱ्या गुडघ्यांना गरम पाल्याचा शेक द्या. पोटात मात्र वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नका, गरोदर बाईने तर नाहीच.

दशपर्णी अर्कातल्या दहा पाल्यांपैकी एक निर्गुडीचा. 200 लिटरच्या टाकीला 5 किलो कडुनिंब, 2 किलो निर्गुडी. बाकीचे पाले, शेण, गोमूत्र घालून महिनाभर सावलीत कुजू द्यायचं, रोज ढवळायचं. बोंडात शिरलेली अळी याने मरत नाही. अर्क लवकर, अळी लहान असतानाच फवारायचा.

2017 साली शेजारच्या यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली. ते आपण विसरलो नाही. विषारी औषधाची एक फवारणी टळली, तरी घरच्या माणसाचा एक धोका टळतो आणि पैसाही वाचतो. अर्क फवारतानाही तोंडाला फडकं बांधा, नंतर हातपाय धुवा.

यंदा प्रत्येक गटाने नाल्यावरून काड्या आणाव्या. मूळ झाड मात्र उपटू नका. एका झाडाच्या काड्या अख्ख्या गटाला पुरतील.