तान्ह्या बाळाचा मधुमेह आणि इन्शुलिन पंप



मी वैद्य नव्हे, कापडाचा व्यापारी. तथापि तान्ह्या बाळाला मधुमेह जडला की घरापुढचे संकट प्रथम मोजमापाचे असते, आणि ते आम्हास कळते. पाच किलोच्या बाळास दिवसभरात जेमतेम ३-४ युनिट इन्शुलिन लागते. आपल्याकडील ४० युनिटच्या सिरिंजवर एका युनिटची एक रेघ. बाळास एका वेळी अर्ध्या रेघेहूनही कमी द्यावे लागते. कापड मापताना आम्ही बोटभर सैल सोडतो. येथे तीच सैल जिवावर बेतते, कारण साखर उतरली तरी बाळ सांगू शकत नाही.

पंप येथे उपयोगी पडतो. त्वचेखालील बारीक नळीतून तो दिवसरात्र इन्शुलिन सोडतो. काही पंप तासाला ०.०२५ युनिट इतके सूक्ष्म प्रमाण पाळतात. बाळ अर्धे दूध पिऊन झोपले, तर प्यायल्याइतकीच मात्रा मागाहून देता येते. नळी दर २-३ दिवसांनी बदलावी लागते. परंतु पंपात केवळ शीघ्र परिणाम करणारे इन्शुलिन असते. नळी दुमडली तर काही तासांतच रक्तात आम्ल साठू लागते. म्हणून सिरिंज घरात हवीच, आणि रात्रीचे जागरणही पुरते टळत नाही. किंमत लाखांत जाते. नळ्यांचा दरमहाचा खर्च निराळा.

म्हणूनच आधी एक तपासणी. पहिल्या ६ महिन्यांत मधुमेह आढळला तर कारण बहुधा जनुकीय असते. २००४ साली असा एक जनुकदोष सापडला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तो दोष असलेल्या ४९ पैकी ४४ रुग्णांचे इन्शुलिन थांबून गोळ्यांवर भागले. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये ही तपासणी होते. पंपाचा सौदा करण्यापूर्वी रक्ताचा नमुना पाठवावा, हे व्यापाऱ्याला सांगावे लागू नये!

आपल्या घरांतील दोन शंका. पूर्वी इन्शुलिन गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. १९८२ पासून जिवाणू वा यीस्टच्या साहाय्याने बनविलेले मिळू लागले, आणि पंपात आज तशाच पद्धतीने बनविलेले वापरतात. दुसरी, चौविहाराची. मध्यरात्री साखर ७० च्या खाली गेली, तर आजीने ग्लुकोजचे पाणी पाजताना क्षणभरही थबकू नये. मध मात्र वर्षाच्या आतील बाळास देऊच नये.

छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ संस्था मधुमेही मुलांसाठी कार्य करते. जळगावहून सकाळी निघून सायंकाळी परतता येते.